भरतकाम घरीच फ्रेम करायचंय, खर्च कमीत कमी... कापड बसवायचं कसं, माउंट कापायचा कसा?

रंगीतलडी:

नमस्कार मंडळी. माझा क्रॉस स्टिचचा मोठा तुकडा एकदाचा पूर्ण झालाय. १४ काउंट आयडा (भोकाभोकांचं कापड, इंचाला १४ टाके), ११२ टाके रुंद, १५४ टाके उंच, आणि कापड सगळं मिळून १४ बाय १७ इंच. फ्रेमवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून कापड गुंडाळलं आणि घरी परत आले, तेवढ्या पैशांत पुढच्या तीन-चार तुकड्यांचं सामान येईल. तर आता घरीच करायचंय. रेडीमेड फ्रेम घेईन नाहीतर घरात एक जुनं चित्र पडलंय त्याची मोकळी करीन.

अडलंय ते असं की कापड पुठ्ठ्यावर बसवायचं कसं हेच ठरत नाहीये. व्हिडिओ बघायला बसलं तर एक जण सरळ गोंद लावतो, दुसरी चिकट बोर्ड वापरते, तिसरी टाचण्या टोचते आणि चौथी म्हणते या तिघांनी कापडाची वाट लागते, दोऱ्यानेच ओढून बांधा. माउंट, म्हणजे काचेच्या आत ती रुंद कागदी किनार असते ना, ती घरी कापता येते का? काच लावायची की नाही? आणि एक छोटा गोल तुकडा आहे त्यात फ्रेंच नॉट (दोऱ्याच्या उठावदार गाठी) आणि मणी भरपूर, त्याचं काय करू? आधी धुवायचं का हाही प्रश्न आहेच, लाल रंग बराच आहे म्हणून हात धजत नाहीये.

उलटीबाजू:

धुवायचंच गं. एवढे दिवस हातात असलेलं कापड, हाताचं तेल आत्ता दिसत नाही पण पुढे तिथेच पिवळट डाग उठतात, आणि एकदा फ्रेममध्ये बंद झालं की मग काय करणार. रिंगचा गोल वळ पडला असेल तर तोही धुतल्याशिवाय नीट जात नाही, नुसत्या इस्त्रीने उलट तो घट्ट बसतो.

लालची भीती असेल तर आधी तपासून घे. पांढरं सुती फडकं ओलं कर, उलट्या बाजूने लाल टाक्यांवर थोडा वेळ दाबून धर. फडक्यावर काही उतरलं नाही तर बिनधास्त गार पाण्यात सौम्य साबण घालून बुडव, चोळू नकोस, पिळू तर अजिबात नकोस. जाड टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळायचं आणि दाबायचं, पाणी टॉवेल ओढून घेतो. धुताना रंग सुटलाच तर घाबरून बाहेर काढून वाळत घालायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण वाळला की बसला. पाण्यातच ठेव आणि गार पाणी बदलत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नाही, उष्णतेने तो पक्का होतो.

नक्षी काढायला निळं पाण्याने जाणारं पेन वापरलं असशील तर तेच, आधी गार पाण्याने सगळ्या रेषा घालवायच्या मग इस्त्री. आणि ती इस्त्रीने पुसली जाणारी पेनं असतात त्यांच्या रेषा गारठ्यात परत उगवू शकतात, तेव्हा तीही धुऊनच काढलेली बरी.

इस्त्री टॉवेलवर कापड पालथं घालून, थोडं दमट असतानाच. टाके टॉवेलात रुततात आणि चपटे होत नाहीत. मणीवाल्या तुकड्याला जपून, प्लास्टिकचे मणी असतील तर वितळतील. रेशीम, लोकर किंवा हाताने रंगवलेले दोरे असतील तर मात्र मी धुवायला सांगणार नाही, तिथे उलटी बाजू नुसती हलकेच झटक आणि पुढे जा.

टाचणीटोक:

गोंद नको, चिकट बोर्डही नको. चिकट बोर्डाचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो, आयडाच्या भोकांतून धूळ आत जाऊन त्याला चिकटते आणि पुढे कधी कापड काढावंसं वाटलं तर ते सहजी सुटत नाही. एखाद्या सणापुरतं टांगायचं आणि काढायचं असं काम असेल तर वापरा, १७ हजार टाक्यांच्या तुकड्याला नको.

टाचण्या की दोरा यात भांडण नाहीच आहे खरंतर, मी दोन्ही करते. टाचण्या कापड जागेवर धरतात, दोरा कायमचा ताण देतो. लागतं काय तर ५ मिमीचा ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) फोम बोर्ड, म्हणजे दोन कागदांमध्ये फोम असलेला हलका बोर्ड, स्टेनलेस स्टीलच्या टाचण्या (साध्या टाचण्या दमट हवेत गंजतात आणि गंजाचा डाग कापडातून जात नाही), आणि मजबूत दोरा, बटणं लावायचा किंवा गोधडीचा चालतो. बास.

आता पद्धत. आधी कापडावर उभा आणि आडवा मध्य काढ आणि गडद रंगाच्या दोऱ्याने कच्चा धावदोरा घाल, काठापासून काठापर्यंत, भोकं न चुकवता. बोर्डाच्या चारही कडांचा मध्य पेन्सिलीने खूण कर. धावदोऱ्याची टोकं त्या खुणांवर आणायची, बोर्डाच्या कडेत, म्हणजे जाडीत, एकेक टाचणी टोचायची, चार बाजूंना चार. आधी अर्धीच आत घाल, नंतर सरकवावी लागतेच. मग प्रत्येक मध्यापासून कोपऱ्यांकडे जायचं, दोन टाचण्यांत साधारण पाऊण-एक सेंटीमीटर अंतर, आणि समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून. एकच बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलात की कापड तिरकं ओढलं जातं. आयडाचा एक फायदा असा की भोकांची ओळ डोळ्यांना दिसते, ती ओळ बोर्डाच्या कडेला समांतर जातेय का हे बघत जायचं, कुठे एखादी ओळ कडेवरून घसरली की तिथल्याच टाचण्या काढून परत. हा वेळ द्याच, कारण पुढे सरळ माउंट ठेवला की जरासा तिरकेपणाही लगेच डोळ्यांत येतो.

सगळं सरळ वाटलं की टाचण्या डोक्यापर्यंत आत. मग उलटं करून दोरा. दोन लांब कडा एकमेकींना आधी ओवायच्या, बुटाच्या नाडीसारखं इकडून तिकडे. दोरा रिळातून तोडायचा नाही, रीळ तसंच ठेवून मध्यापासून एका टोकाला जायचं, मग बाकीच्या अर्ध्यासाठी दुसरा. टाके काठापासून बोटभर आत घे नाहीतर आयडा उसवतो, काठाला आधी झिगझॅग मारलेलं असलं तर उत्तमच. सगळं ओवून झालं की परत पहिल्यापासून एकेक फेरा ओढत ये, मग गाठ. नंतर आखूड कडा तशाच. कोपरे तिरके दुमडून दोन-चार टाके घातले की गठ्ठा होत नाही. शेवटी कच्चा धावदोरा उपसून काढायचा, हे विसरू नका, मी काचेआडून लाल धावदोरा दिसणाऱ्या फ्रेमा बघितल्यात.

मागच्या गाठी पुढून उंचवटा दाखवत असतील तर बोर्ड आणि कापडाच्या मध्ये पातळ बॅटिंग (गोधडीत भरतात तो मऊ थर) किंवा धुतलेल्या फ्लॅनेलचा एक थर. पांढरा थर असला की आयडाच्या भोकांतून मागचं काही डोकावतही नाही. जाड थर घालू नका, कापड उशीसारखं फुगतं आणि काचेला जाऊन टेकतं.

चौकटीतला:

मी फ्रेमच्या कामातला आहे म्हणून थोडं मापाचं बोलतो, कारण ताईंचं कापड कमी पडणार आहे आणि ते अजून कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

११२ भागिले १४ म्हणजे ८ इंच, १५४ भागिले १४ म्हणजे ११ इंच. म्हणजे भरलेला भाग ८ बाय ११. सभोवती अर्धा इंच कोरं कापड दिसू द्यायचं म्हटलं तर माउंटची खिडकी ९ बाय १२. रेडीमेड फ्रेममध्ये याला १२ बाय १६ छान बसते, बाजूंना दीड-दीड इंच माउंट येतो आणि वर-खाली दोन-दोन. खालची पट्टी जराशी रुंद ठेवायची पद्धत आहे, वर पावणेदोन, खाली सव्वादोन, नाहीतर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं.

आता गंमत बघा. फोम बोर्ड फ्रेमच्या मापाचा म्हणजे १२ बाय १६ घेतला तर १४ बाय १७ च्या कापडाला मागे दुमडायला बाजूंना एक इंच आणि वर-खाली जेमतेम अर्धा इंच उरतो, त्यातही बोर्डाची जाडी गेली. यावर दोरा ओवता येणार नाही. दोन रस्ते आहेत. एक, कापडाच्या चारही काठांना साध्या सुती कापडाच्या तीनेक इंची पट्ट्या जोडायच्या, शिवण उघडून इस्त्री करायची. शिवण माउंटच्या खाली जाते, दिसत नाही. दुसरा मला जास्त आवडतो. फोम बोर्ड छोटाच घ्या, १० बाय १३, त्यावर कापड बसवा, सगळीकडे दोन इंच दुमड मिळते. मग उरलेल्या जागेत त्याच जाडीच्या फोम बोर्डाची चौकट भरा, बाजूंना एक इंच, वर सव्वा, खाली पावणेदोन, हे सगळं १२ बाय १६ च्या मागच्या एका पातळ ॲसिड-फ्री पुठ्ठ्यावर. चौकटीचं भोक दोनेक मिलीमीटर ढिलं ठेवा कारण कापडामुळे बोर्ड जरा मोठा होतो. वरून माउंट ठेवला की खालचं काहीच दिसत नाही, तो अर्धा-अर्धा इंच बोर्डावर चढलेला असतो. यात फोम बोर्डाचे तुकडेही वाया जात नाहीत.

पुढच्या तुकड्याला मात्र कापड घेतानाच सगळ्या बाजूंना तीन नाही, चार इंच जास्त धरा. तेवढ्या कापडाला फारसे पैसे पडत नाहीत आणि शेवटी ही सगळी सर्कस वाचते.

माउंट घरी कापण्याबद्दल. सरळ काप घरी होतो, ४५ अंशाचा तिरका काप हाताने जमवणं अवघड आहे. पांढरी तिरकी कड दिसते ना दुकानातल्या माउंटला, ती एका झटक्यात, ब्लेड एकाच कोनात धरून काढावी लागते, त्याला माउंट कापायचं यंत्र लागतं. छोटं हातातलं कटर मिळतं पण एकाच फ्रेमसाठी ते घेणं म्हणजे वाचवलेले पैसे परत घालवणं. त्यापेक्षा कुठल्याही फ्रेमवाल्याकडे जाऊन "फक्त माउंट कापून द्या" म्हणा, खिडकीचं आणि बाहेरचं माप लिहून न्या. पूर्ण फ्रेमिंगचा जो खर्च असतो त्यात मजुरी आणि लाकूडच मोठं असतं, नुसत्या माउंटचं काम किरकोळ आहे. बरेच जण करून देतात, निदान मी तरी देतो.

घरी कापायचाच असेल तर नवीन ब्लेड, आणि नवीन म्हणजे पाकिटातून काढलेलं, कालचं नाही. पोलादी पट्टी, खाली रद्दी पुठ्ठा. मागच्या बाजूने आखा आणि मागूनच कापा म्हणजे पेन्सिलीच्या रेषा पुढे येत नाहीत. जोर लावून एकदाच नाही, हलक्या हाताने तीन-चार वेळा त्याच रेषेवरून. कोपऱ्यात काप अर्धवट राहिला तर खेचून फाडू नका, पुढून ब्लेडचं टोक घालून सोडवा. कोपऱ्यापुढे केसभर काप गेला तर चमच्याच्या पाठीने घासा, बराच बुजतो. आणि अजून एक युक्ती, कडा ओबडधोबड आल्या तर माउंटवर पातळ सुती कापड गुंडाळायचं, खिडकीच्या आतल्या कोपऱ्यात तिरकी चीर देऊन मागे वळवायचं. कड झाकली जाते आणि भरतकामाला कापडी माउंट दिसतोही बरा. हाच एक माउंट आहे जो घरी केलेला मला दुकानातल्यापेक्षा चांगला वाटतो.

रंग निवडताना एक. कापड मोतिया किंवा क्रीम असेल तर पांढराशुभ्र माउंट लावू नका, कापड मळकं दिसायला लागतं. कापड सोबत नेऊन दिवसाच्या उजेडात लावून बघा.

खर्च कुठे वाचवायचा विचाराल तर लाकडात. फ्रेम जुनी घ्या, रंगवा, घरची वापरा, कापडाला काही होत नाही. पण कापडाला जे टेकतं, म्हणजे बोर्ड आणि माउंट, ते ॲसिड-फ्रीच घ्या. साध्या लगद्याच्या पुठ्ठ्यात लिग्निन असतं, तो पिवळा-तपकिरी होत जातो आणि कापडालाही तसंच करतो. अगदीच नाही मिळाला तर धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाचा थर मध्ये घाला, थांबत नाही पण लांबतं. रेशमी दोरे असतील तर विचारून बिनबफरचा (आम्ल मारायला क्षार न घातलेला) बोर्ड मागा, बफरमधला क्षार रेशमाला आणि लोकरीला मानवत नाही. आणि ते प्लास्टिकचे पांढरे बोर्ड मिळतात ना, पीव्हीसीचे, पाट्यांसाठीचे, ते फोम बोर्डासारखे दिसतात पण त्यात टाचणी जात नाही आणि कापडाशेजारी वर्षानुवर्षं ठेवण्यासारखेही ते नाहीत.

मोकळीहवा:

एवढं सगळं करून शेवटी त्यावर काच लावणार? मला नाही पटत. भरतकामाची मजा दोऱ्याच्या चमकेत आणि उठावात आहे, काच लावली की ते छापील चित्र दिसतं, त्यात खिडकीचं प्रतिबिंब. मी रेडीमेड कॅनव्हास आणते, चित्रकारांचा, लाकडी चौकटीवर ताणलेला असतो तो. त्यावर पातळ सुती कापडाचा थर, त्यावर भरतकाम, मागे नेऊन स्टेपल. फ्रेमसुद्धा लागत नाही, कडा कोऱ्या कापडाच्या दिसतात, चार बाजूंना. माउंट नाही, काच नाही, फ्रेमच्या मागे काच-बोर्ड बसायला खोल खाच नाही, सगळाच खर्च वाचला.

टाचणीटोक:

दिसायला छान दिसतं हे कबूल पण स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत किंवा रस्त्याकडच्या खिडकीजवळ ते किती दिवस तसं राहणार? धुळीचं काय, आणि तेलकट धुराचं? धूळ टाक्यांच्या मधे बसते, वरवर झटकून निघत नाही. कसर लागायलाही उघडं कापड सोपं.

मोकळीहवा:

खोली बघून टांगायचं ना मग. स्वयंपाकघराजवळ मी काचेचंही टांगणार नाही. धुळीसाठी व्हॅक्युमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधायचं आणि कमी जोरावर थोडं लांबून फिरवायचं, अधूनमधून. आणि कॅनव्हासवरून स्टेपल काढले की कापड परत धुता येतं, तुमच्या काचेच्या पेटीत ते कोण करतंय? स्टेपल स्टेनलेसचे घ्या एवढं मात्र आहे, तिथे टाचणीताईंचंच म्हणणं.

चौकटीतला:

दोघींचंही चालतं. काच लावली किंवा न लावली त्यापेक्षा लावलेली काच कापडाला टेकलेली नसणं महत्त्वाचं. टेकली की काचेच्या आतून दव धरतं, ते कापडात उतरतं, बुरशीचे ठिपके येतात, आणि टाके चपटे होतात ते वेगळंच. माउंट घालतो ते शोभेसाठी असं लोकांना वाटतं, खरं काम हे अंतर ठेवण्याचं आहे. साधा माउंट साधारण दीड मिलीमीटर जाड असतो, क्रॉस स्टिचला तेवढं कसंबसं पुरतं. तुमच्या फ्रेंच नॉट आणि मण्यांना पुरणार नाही, ते दोन-तीन मिलीमीटर सहज वर येतात. तिथे माउंटच्या मागे फोम बोर्डाच्या पट्ट्या चिकटवा, खिडकीच्या कडेपासून जरा आत म्हणजे दिसणार नाहीत. माउंट नकोच असेल तर त्याच पट्ट्या काचेच्या कडेला, फ्रेमच्या ओठाआड, म्हणजे काचेवर पुढून येणाऱ्या लाकडाच्या कडेआड. ओठ साधारण सहा मिलीमीटरचा असतो, तेव्हा पट्टी पाचच्या आत ठेवा.

काचेऐवजी ॲक्रिलिक घेतलं तर हलकं आणि फुटत नाही, पण त्यावर स्थिर वीज साठते आणि लोकरीचे किंवा सुटे तंतू त्याला जाऊन चिकटतात. क्रॉस स्टिचला चालेल, केसाळ कामाला नको. पुसायचं झालं तर ओल्या मऊ फडक्याने, कोरडं घासलं की ओरखडे आणि वीज दोन्ही. अल्ट्राव्हायोलेट अडवणारी काच मिळते पण ती महाग, त्यापेक्षा समोर ऊन येत नाही अशी भिंत फुकट आहे. तशी काच लावली तरी थेट उन्हात रंग उडतातच, फक्त हळू.

उलटीबाजू:

रंगीतलडी, गोल तुकड्याला फ्रेम कशाला शोधतेस, रिंगच त्याची फ्रेम. लाकडी रिंग हलकी घासून रंगव नाहीतर बाहेरच्या रिंगला कापडाची पट्टी गुंडाळ. कापड ताणून स्क्रू घट्ट कर, स्क्रू वर बरोब्बर मध्यावर येऊ दे, तिथेच दोरी अडकवता येते. मग सभोवती तीन-चार सेंटीमीटर ठेवून कापड गोल काप, काठाशी जाड दोऱ्याने धावदोरा घाल आणि चुण्या पडेपर्यंत ओढून गाठ मार. मागून रिंगच्या मापाचं फेल्ट कापून त्या चुण्यांना टाके घालून लावलं की सगळा पसारा झाकला. मणी मोकळे राहतात, काचेचं गणितच नको. फक्त रिंगचं लाकूड कापडाला थेट लागतं, तेव्हा आतल्या रिंगला आधी सुती पट्टी गुंडाळलीस तर बरं.

रंगीतलडी:

किती छान सांगितलंत सगळ्यांनी! लाल रंग तपासला, फडक्यावर काही आलं नाही, धुऊन टॉवेलात गुंडाळून ठेवलंय. चौकटीतला दादा, १० बाय १३ च्या बोर्डचं पटलं, तसंच करते, नाहीतर पट्ट्या जोडायला निघालेच होते मी. काचेचं अजून ठरलं नाहीये पण खोलीत धूळ खूप येते म्हणून बहुतेक लावेन, मोकळीहवा रागावू नका.

जुनी फ्रेम उघडली. मागे नालीदार खोक्याचा पुठ्ठा आहे, तपकिरी झालाय, आणि आतल्या चित्रावरही तशाच उभ्या रेघा उठल्यात. फ्रेम चांगली आहे, सागवानी वाटते. पट्टीने मोजली तर १२ बाय १६ आली, म्हणजे योगच म्हणायचा. पण खाच उथळ वाटतेय, काच, माउंट, बोर्ड सगळं मावेल का?

टाचणीटोक:

त्या रेघा पुठ्ठ्याच्याच. त्याची नाली जशी तशी छापते. फेकून द्या, मागचं काहीही परत वापरू नका, चुका (बारीक खिळे) सुद्धा नव्या घ्या.

चौकटीतला:

तो पुठ्ठा टाकाच आणि खाचेतली धूळ ब्रशने काढून आतल्या लाकडाला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून घ्या, जुन्या लाकडातूनही आम्ल निघतं, पट्टी बाहेरून दिसत नाही.

खोलीचा हिशोब असा. काच २ मिलीमीटर, माउंट दीड, फोम बोर्ड ५, मागे दुमडलेलं कापड आणि दोरा मिळून एखादा, मागचा पुठ्ठा दीड-दोन. झाले ११-१२. खाच त्यापेक्षा कमी भरली तर फोम बोर्ड ३ मिलीमीटरचा घ्या, टाचण्या जरा जपून टोचाव्या लागतील इतकंच, नाहीतर नुसत्या दोऱ्यावर करा. तरीही थोडं मागे बाहेर आलं तर येऊ द्या, चुका ठोकण्याऐवजी पत्र्याच्या वाकवलेल्या पट्ट्या स्क्रूने बसवतात त्या लावा, भिंतीला टांगल्यावर मागचं कोण बघतंय. वरून जाड तपकिरी कागद कडांना चिकटवून टाका, धूळ आणि किडे आत जात नाहीत. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या नाहीतर फेल्टच्या गोळ्या लावा, भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळायला हवी, ओल असलेल्या भिंतीवर तर फारच. कड्या वरून साधारण एक तृतीयांश उंचीवर, मध्ये तार किंचित ढिली.

आणि ताई, १२ बाय १६ कुठून मोजलंत? पुढून मोजलं असेल, ओठ ते ओठ, तर आत अजून एखादा सेंटीमीटर जास्त निघेल. बाहेरून लाकडासकट मोजलं असेल तर आतलं माप बरंच लहान असणार आणि वरचा सगळा हिशोब परत करावा लागेल. फ्रेम पालथी घाला, खाचेच्या आत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मोजा, दोन्ही बाजूंनी आणि दोन-दोन जागी कारण जुन्या फ्रेमा क्वचितच काटकोनात असतात. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजून बघा, दोन्ही मापं सारखी आली तर चौकट सरळ आहे. जे सगळ्यात लहान माप येईल त्यातून तीनेक मिलीमीटर वजा करून माउंट आणि मागचा पुठ्ठा कापायचा. आकडे इथे टाका, मग माउंटच्या पट्ट्या किती रुंद ठेवायच्या ते सांगतो. तोवर माउंट कापायला देऊ नका.

रंगीतलडी:

बाहेरून मोजलं होतं 🙈 आतून ११ बाय १५ आलं, तिरकी मापं सारखी आहेत.

चौकटीतला:

चालतंय की. खिडकी ९ बाय १२ च ठेवा, बाजूंना एक-एक इंच, वर एक पूर्णांक तीन अष्टमांश, खाली एक पूर्णांक पाच अष्टमांश. बाजू जरा बारीक दिसतील, तेव्हा माउंट कापडाच्या जवळच्याच फिक्या रंगाचा घ्या, गडद घेतलात तर खिडकी आवळल्यासारखी वाटेल. १० बाय १३ चा बोर्ड तसाच राहील, भरायच्या पट्ट्या बाजूंना अर्धा इंच, वर सात अष्टमांश आणि खाली एक पूर्णांक एक अष्टमांश. ते तीन मिलीमीटर बाहेरच्या कडेतून वजा करायचे, खिडकीला हात लावायचा नाही.